जुन्या कॉम्प्युटरमधली फाइल दुसऱ्यावर उघडेना? सुरुवात वायरीपासून करा

खाली दुकान, वर घर. काउंटरवर विंडोज एक्सपीचा जुना डबा, कारण बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. वरच्या खोलीत विंडोज ७ चा पीसी आणि पोरानं कॉलेजसाठी घेतलेला विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप. भुसावळ असो, चोपडा असो की शिरपूर, अशी मांडणी बऱ्याच घरांत सापडते. तिघांमध्ये फाइल फिरायला हवी, आणि एक दिवस ती फिरायची थांबते.

अशा वेळी बहुतेक जण थेट सेटिंग्जमध्ये घुसतात. फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी) बंद करतात, पासवर्ड काढून टाकतात, कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेला जुना प्रोटोकॉल चालू करतात. मूळ कारण मात्र नेटवर्कच्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या वायरी जोडणाऱ्या डब्यातून, निसटलेली वायरीची पिन असतं. म्हणून क्रम पाळा: वायर, पत्ता, नाव, परवानगी आणि सगळ्यात शेवटी विंडोजची आवृत्ती. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीलाच दुकानाचा डेटा एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. जुन्या हार्डडिस्कचा भरवसा धरू नये.

वायर आणि दिवे

कॉम्प्युटरच्या मागे जिथे नेटवर्कची वायर लागते तिथे बारीक दिवे असतात. एक स्थिर जळतो, दुसरा डेटा जाताना लुकलुकतो. स्विचच्या किंवा राउटरच्या त्या पोर्टवरही दिवा हवा. दोन्हीकडे अंधार असेल तर विंडोजला हात लावू नका. आधी वायर दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा, मग दुसरी वायर लावून पाहा.

आपल्याकडे वायर बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. गच्चीवरून गेलेल्या वायरीचं आवरण उन्हानं कडक होऊन तडकतं. माळ्यावरून किंवा धाब्याच्या घराच्या सऱ्यांमधून गेलेली वायर उंदीर कुरतडतात. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली की लांबच्या वायरीला जोडलेले पोर्ट जळतात; अशा वेळी स्विचचा एखादाच पोर्ट मेलेला असतो, बाकीचे चालतात. दुकानातून घरात जाणारी वायर लाइटच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. एका सलग वायरीची मर्यादा १०० मीटर आहे, पण घरात तेवढी लांबी सहसा लागत नाही.

पिन नव्याने बसवायची असेल तर रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पिनचा खटका खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरल्या की हा क्रम डावीकडून मोजायचा. जुनं १०० मेगाबिटचं कार्ड फक्त १, २, ३ आणि ६ या चार तारा वापरतं, गिगाबिटला आठही लागतात. म्हणूनच एखादी वायर एक्सपीच्या डब्यावर बिनतक्रार चालते आणि नव्या लॅपटॉपला लावली की रडते: निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटलेली असते.

मध्ये स्विच न ठेवता दोन जुने कॉम्प्युटर थेट जोडणार असाल तर साधी वायर चालेलच असं नाही. जुन्या कार्डांना क्रॉस वायर लागते, म्हणजे एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल. त्यापेक्षा पाच पोर्टचा साधा स्विच आणलेला बरा. पिना, पंच, स्विच जळगावला गोलाणी मार्केटात एकाच फेरीत मिळून जातं.

पत्ता: सगळे एकाच गल्लीत आहेत का?

प्रत्येक कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण धरून आर दाबा, सीएमडी लिहा, एन्टर. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत, सलग लिहा. आयपी अॅड्रेसच्या ओळीत १९२.१६८.१.२० असा काहीतरी आकडा दिसेल. (इथे आकडे मराठीत छापले आहेत, टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरा.) पहिले तीन गट सगळ्या कॉम्प्युटरवर सारखे आणि चौथा प्रत्येकाचा वेगळा हवा. सबनेट मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.०.

आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, त्यानं आपला आपण लावून घेतला आहे. लाइट जाऊन आल्यावर हे हमखास होतं. लाइट येते, कॉम्प्युटर आणि राउटर एकदम चालू होतात, राउटरला उठायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि तोवर कॉम्प्युटर पत्ता मागून दमलेला असतो. त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहून एक जागा सोडा, मग तिरकी रेघ (/) आणि रिन्यू. पत्ता मिळाला तर काम झालं. ज्या गावात लाइट दिवसातून दोनदा जाते तिथे राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर टाकणं हाच खरा उपाय.

दुसरा घोळ याहून किचकट आहे आणि अलीकडे फार वाढला आहे. फायबरवाला एक डबा देऊन जातो, त्यात वायफाय असतं. घरात आधीचा राउटरही असतो. तो टाकवत नाही म्हणून फायबरच्या डब्याची वायर त्याच्या वॅन लिहिलेल्या, वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावली जाते. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण घरात आता दोन वेगळी नेटवर्कं झालेली असतात: लॅपटॉप १९२.१६८.१ च्या गल्लीत आणि दुकान १९२.१६८.० च्या. लॅपटॉपवरून दुकानाचं दार दिसणारच नाही. उपाय असा: जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता फायबरच्या डब्याच्या गल्लीतला, पण मोकळा असलेला द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. मग फायबरवरून आलेली वायर वॅनमधून काढून लॅनच्या कोणत्याही पोर्टमध्ये लावा. आता तो नुसता स्विच आणि वायफाय म्हणून काम करेल. हा क्रम उलटा केलात तर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि गोंधळ वाढतो.

फाइल वाटणाऱ्या कॉम्प्युटरला कायमचा पत्ता द्या, नाहीतर प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर तो बदलू शकतो. राउटर १०० ते २०० मधले पत्ते वाटत असेल तर तुम्ही २०, २१, २२ घ्या. एक्सपीला पत्ता हाताने देताना डिफॉल्ट गेटवेची (घराबाहेर, इंटरनेटकडे जायच्या दाराची) जागा रिकामी सोडा. मग तो घरात सगळ्यांशी बोलेल, पण इंटरनेटवर जाणार नाही, आणि त्याला तेच हवं आहे: एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. विंडोज ७ वर मात्र ही युक्ती करू नका. गेटवे नसला की ते नेटवर्कला अनोळखी ठरवून पब्लिकमध्ये टाकतं आणि शेअरिंग बंद करतं.

वायफायवरच्या जुन्या लॅपटॉपबद्दल थोडक्यात: त्यांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसत नाही, डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत कळत नाही. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ ठेवा. एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ असायला हवा. आणि गेस्ट नावाच्या वायफायला जोडू नका. त्यावरच्या उपकरणांना घरातली बाकीची उपकरणं सहसा दिसू दिली जात नाहीत.

पिंग करा, पण उत्तर नीट वाचा

काळ्या खिडकीत पिंग, एक जागा आणि समोरच्याचा पत्ता. चार ओळी रिप्लाय आला तर वायर आणि पत्ता दोन्ही ठीक. उत्तर आलं नाही तर ते कसं आलं नाही हे महत्त्वाचं. स्वतःच्याच पत्त्यावरून डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल येत असेल तर समोरचा मुळात सापडतच नाही: पत्ता चुकलाय, वायर सुटलीय किंवा तो बंद आहे. रिक्वेस्ट टाइम्ड आउट येत असेल तर लगेच एआरपी लिहून जागा सोडा, मग आडवी रेघ आणि ए. यादीत समोरच्याचा पत्ता आणि त्यापुढे जोडीजोडीचा लांब आकडा दिसला, तर तो तिथेच आहे, फक्त फायरवॉल त्याला बोलू देत नाही.

फायरवॉल सरसकट बंद करायची नाही. एक्सपीत कंट्रोल पॅनेलमधून विंडोज फायरवॉल, एक्सेप्शन्स, तिथे फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला टिक. विंडोज ७ मध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये नेटवर्क होम किंवा वर्क करा, १० आणि ११ मध्ये प्रायव्हेट. पब्लिक असेल तर बाकीचं काहीही केलं तरी फरक पडत नाही. मुदत संपलेला अँटिव्हायरस पडून असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल गुपचूप अडवत राहते. तो नुसता बंद करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो.

नावाचा मोह सोडा

नेटवर्कच्या खिडकीत समोरच्या कॉम्प्युटरचं चित्र दिसत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि सगळ्यात कमी महत्त्वाची. एक्सपी आणि विंडोज १० एकमेकांना शोधण्याच्या वेगवेगळ्या पद्धती वापरतात, त्यामुळे चित्र दिसलं नाही तरी फाइल उघडू शकते. विंडोज आणि आर दाबून \\१९२.१६८.१.२० असं दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन टाइप करा. फोल्डर उघडलं तर त्याला मॅप नेटवर्क ड्राइव्हने एखादं अक्षर द्या आणि चित्राचा नाद सोडा.

तरी नावं तपासून घ्या. नाव १५ अक्षरांच्या आत, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. एक्सपी होममध्ये वर्कग्रुपचं नाव मूळचं एमएसहोम असतं आणि बाकीच्यांत वर्कग्रुप; सगळीकडे एकच करा. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने दोन्ही डब्यांवर एकाच तयार प्रतीवरून विंडोज टाकलेलं असेल तर दोघांचं नावही एकच निघतं. एकाचं बदला, रिस्टार्ट करा.

परवानगी: कुलपं दोन असतात

पत्त्याने गेल्यावर पासवर्डची खिडकी आली किंवा अॅक्सेस डिनाइड आलं, तर आनंद माना. वायर, पत्ता, फायरवॉल सगळं पार करून तुम्ही दारापर्यंत पोचला आहात.

फोल्डरला दोन कुलपं असतात. एक शेअरिंगच्या टॅबवर, दुसरं सिक्युरिटीच्या टॅबवर. दोन्हींत जे कडक असेल ते लागू होतं. शेअरिंगमध्ये एव्हरीवनला फुल कंट्रोल दिलं आणि सिक्युरिटीत त्या माणसाचं नावच नसेल तर दार बंदच राहणार. एक्सपीत सिक्युरिटीचा टॅब दिसत नसेल तर माय कॉम्प्युटर, टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू इथे जाऊन तळाची यूज सिंपल फाइल शेअरिंगची टिक काढा. एक्सपी होममध्ये ती निघत नाही, तिथे सगळे पाहुणे (गेस्ट) म्हणूनच येतात. अख्खा सी ड्राइव्ह शेअर करू नका. डी ड्राइव्हवर एक वेगळं फोल्डर करा आणि तेवढंच द्या.

आता पासवर्ड. घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड कशाला, म्हणून तो रिकामा ठेवलेला असतो, आणि विंडोज रिकाम्या पासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. लॅपटॉपवर उघडताना टाकता तो चार आकडी पिनही इथे चालत नाही. तो त्या एकाच यंत्रापुरता असतो. सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग हा: फाइल वाटणाऱ्या कॉम्प्युटरवर एक साधं लोकल खातं बनवा, नाव समजा इंग्रजीत खाते, आणि त्याला खरा पासवर्ड द्या. त्या फोल्डरच्या दोन्ही कुलपांत याच खात्याला परवानगी द्या. बाकीच्या कॉम्प्युटरवरून जाताना हेच नाव आणि हाच पासवर्ड टाका. नाव मान्य होत नसेल तर आधी कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचं नाव असं लिहा.

पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा हा जुना सल्ला आता फसतो. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती समोरच्याकडून सही केलेलं बोलणं मागते आणि पाहुण्याला, म्हणजे पासवर्डशिवाय आलेल्याला, ती सही जमत नाही.

एकाच कॉम्प्युटरवर आधी एका नावाने शिरून मग दुसऱ्या नावाने जायला गेलात तर विंडोज अडवतं; ही १२१९ क्रमांकाची चूक. नेट यूज, जागा, ताऱ्याची खूण (*), जागा, तिरकी रेघ आणि डिलीट असं लिहून जुन्या जोडण्या तोडा. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असेल तर तोही पुसा. थोडा वेळ काही केलं नाही की मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली येते; ती बिघाड नाही. १५ मिनिटं हालचाल नसली की जोडणी विश्रांतीला जाते, क्लिक केलं की परत येते.

आवृत्ती: मध्ये दुभाषा बसवा

इथवर सगळं बरोबर असूनही एक्सपी आणि विंडोज १० मध्ये बोलणं होत नसेल, तर कारण भाषेचं आहे. फाइल शेअरिंगच्या भाषेला एसएमबी म्हणतात. एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी व्हिस्टापासून आली, तिसरी विंडोज ८ पासून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून ती मूळचीच बंद येते, किंवा १५ दिवस वापरली नाही की स्वतःहून निघून जाते. महिनाभर चालणारं शेअरिंग कोणी हात न लावता बंद पडलं, त्याचं गूढ बऱ्याचदा एवढंच.

घरात विंडोज ७ असेल तर लॅपटॉपला हात लावायची गरजच नाही. विंडोज ७ ला दोन्ही भाषा येतात: एक्सपीशी ते पहिलीत बोलतं, लॅपटॉपशी दुसरीत. सामायिक फोल्डर विंडोज ७ वर ठेवा. दुकानातला एक्सपी त्यात बिलं टाकेल, लॅपटॉप त्यातून उचलेल. दोघांना एकमेकांशी थेट बोलावंच लागणार नाही. फक्त त्या विंडोज ७ वर मार्च २०१७ चा एमएस१७-०१० हा अपडेट बसलेला असला पाहिजे.

विंडोज ७ नसेल आणि इलाजच नसेल, तर विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ. तिथे एसएमबी १.० च्या पोटात तीन ओळी असतात. फक्त क्लायंटला टिक करा. सर्व्हरला नको, आणि ऑटोमॅटिक रिमूव्हलची टिक काढा. म्हणजे फोल्डर एक्सपीवर राहील आणि लॅपटॉप तिथे मागायला जाईल. उलटं केलंत, फोल्डर लॅपटॉपवर ठेवून सर्व्हर चालू केलात, तर लॅपटॉपचं तेच जुनं दार सगळ्यांसाठी उघडं राहील, आणि हा लॅपटॉप कॉलेजच्या, हॉस्टेलच्या वायफायवर जातो. हे करू नका. आठवड्यातून एकदाच फाइल न्यायची असेल तर सरळ पेनड्राइव्ह वापरा, त्यात कमीपणा नाही.

एक्सपी फोल्डर वाटत असताना नॉट इनफ सर्व्हर स्टोरेज असं आलं तर डिस्क भरलेली नसते. अँटिव्हायरससारखी सॉफ्टवेअरं बसवल्यावर एक अंतर्गत मर्यादा अपुरी पडते. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये आयआरपीस्टॅकसाइझ नावाची डीवर्ड किंमत बनवून १८ द्या (मूळ १५ असते), रिस्टार्ट करा. भागलं नाही तर आणखी तीनने वाढवा.

चालतंय, पण गोगलगायीसारखं

१०० मेगाबिटच्या वायरीवर सेकंदाला साधारण ११ एमबी जातात, म्हणजे ४ जीबीला सहा-सात मिनिटं. जुन्या ५४ मेगाबिटच्या वायफायवर २ ते अडीच एमबी. याच्या दहाव्या हिश्श्यावर आलं असेल तर नेटवर्क कार्डच्या अॅडव्हान्स्ड टॅबवर स्पीड अँड डुप्लेक्स पाहा. कोणीतरी हाताने १०० फुल (दोन्हीकडून एकदम बोलणं) लावलेलं असतं आणि स्विच समोरून हाफ (आळीपाळीने बोलणं) धरून बसतो, ऑटो करा. तिथल्याच पॉवर मॅनेजमेंटमध्ये कार्ड झोपवण्याची टिक काढा. मोठी फाइल ४ जीबीशी अडून थांबत असेल तर वेगाचा प्रश्न नाही, समोरची डिस्क फॅट३२ पद्धतीची आहे, तिच्यात याहून मोठी फाइल मावत नाही.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास दुपारी कॉपी करताना डबा मध्येच बंद पडत असेल तर नेटवर्क तपासू नका. पारा ४४-४५ वर असताना पंख्यात वर्षाची धूळ घेऊन तो चालत असतो. झाकण उघडा, ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

फाइल आली, अक्षरं गेली

मराठी नावाची फाइल एक्सपीवर चौकोन-चौकोन दिसत असेल तर ती खराब नाही. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक करा. एक्सपीची सीडी मागेल, जवळ ठेवा. आतला मजकूर इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसत असेल तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे जुने दाखले, पत्रकं यांत हे नेहमीचंच. फाइलबरोबर फॉन्ट जात नाही. ज्या कॉम्प्युटरवर ती बनली त्याच्या फॉन्ट्सच्या फोल्डरमधून तो फॉन्ट उचला, त्याच सामायिक फोल्डरमधून इकडे आणा आणि बसवा. नुसती वाचायची किंवा छापायची असेल तर तिथेच पीडीएफ करून पाठवा. फॉन्ट पीडीएफच्या पोटातच येतो.